भिंतीतल्या बाईचा आवाज

चित्रपटांची पुरवणी गुरुवारी दुपारी छपाईला सोडायची आणि त्याआधी संपादक म्हणून तिनं तिची ओळन् ओळ वाचायची, असा कचेरीतला शिरस्ता होता. तिच्या हाताखालून गेलेल्या मजकुरात एक शब्द जास्तीचा सापडायचा नाही, असं लोक म्हणत. काही जण ते कौतुकानं म्हणत, काही जण दातओठ खाऊन. फक्त एका बाबतीत तिचा हात बांधलेला होता. तिचा नवरा सिनेमांचं ध्वनिसंयोजन करायचा, आणि ज्या सिनेमात त्याचं काम असेल त्यावर तिनं लिहायचं नाही, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं पण पेन्सिल लावायची नाही, असं ठरलेलं होतं. म्हणून 'पोपडे' हा भुताचा सिनेमा अडीचकडे गेला होता. अडीच म्हणजे कचेरीतला सगळ्यात जुना समीक्षक. उभ्या जन्मात कुठल्या सिनेमाला त्यानं अडीचच्या वर तारे दिले नव्हते, म्हणून पडलेलं हे नाव त्यालाही ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्या दुपारी तो परीक्षणाचा कागद घेऊन स्वतः तिच्या टेबलापाशी आला. कथा शिळी, नायिका लाकडाची, भूत म्हणजे चुना फासलेली बाहुली, असं सगळं नेहमीसारखं लिहिलेलं होतं, आणि खाली एक लांबलचक परिच्छेद फक्त एका आवाजावर होता. मेलेली आई भिंतीतून बोलू पाहते तेव्हाचा आवाज. तारे मात्र अडीचच.

"अगं, नवऱ्याला विचार ना, कोण आहे ती बाई?"

"कुठली बाई?"

"भिंतीतली. पडद्यावर दिसते ती सोड, तिला तर तोंडही नीट उघडता येत नाही. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. शेवटच्या नावांत शोधलं, नाही सापडलं."

"बाई नाहीच आहे," ती हसून म्हणाली. "दाराची बिजागरी आणि वासराचं हंबरणं एकत्र करून केलाय तो. मला त्यानंच सांगितलंय."

अडीचनं चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं एखादा सोपा शब्द चुकीचा लिहिला होता.

"बिजागरी श्वास घेत नाही, पोरी," तो म्हणाला, आणि चहा घ्यायला निघून गेला.

एवढंच झालं. पुरवणी वेळेवर सुटली, जाहिरात खात्याशी रोजची हुज्जत झाली, छपाईतून माणूस येऊन गेला. पण घासात खडा लागावा तसं ते वाक्य तिच्या दाताखाली आलं होतं आणि थुंकून टाकता येत नव्हतं. बाकीच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं तिनं एरवी वाचली नसती, ती आता एकेक करून काढली. एकानं लिहिलं होतं, हा आवाज उघड उघड यंत्रातून काढलेला आहे आणि प्रेक्षकांना मूर्ख समजणारा आहे. दुसऱ्याला त्यात जखमी जनावर ऐकू आलं होतं. तिसऱ्यानं सगळ्या सिनेमाची सालटी काढून शेवटी म्हटलं होतं की माणसाच्या घशातून असं काही निघणं शक्य नाही, आणि तेवढ्यासाठी तिकीट काढायला हरकत नाही. म्हणजे बाई आहे असं म्हणणारा अडीच एकटाच होता. पण अडीचचे कान तिला ठाऊक होते. सिनेमा चालू असताना तो पुष्कळदा डोळे मिटून बसायचा. नवखे लोक समजायचे म्हातारा झोपला. आणि मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली, जी आजवर नुसती घडून गेली होती. बिजागरीचं उत्तर नवऱ्यानं तिला आपणहून सांगितलं होतं, तिनं विचारलेलं नसताना. विचारल्याशिवाय कामाबद्दल अवाक्षर न काढणारा माणूस भाजी निवडता निवडता म्हणाला होता, "तो भुताचा आवाज जमला बरं का, बिजागरी आणि वासरू." तेव्हा ती फक्त "छान" म्हणाली होती. आता तिला वाटलं, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवणारा माणूस कुणापासून तरी काहीतरी झाकत असतो. गेले काही महिने तो हसरा झाला होता. दुपारी फोन केला तर उचलत नसे, आणि मग "रेकॉर्डिंग चालू होतं" म्हणत असे. घरी, दुपारी, रेकॉर्डिंग. कुणाचं?

दुपारी घरात तिघं असत: नवरा त्याच्या मागच्या खोलीत, तिची आई पलंगावर, आणि आईचं सगळं करायला ठेवलेल्या मावशी. आईला दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. उजवी बाजू गेली, आणि जिभेवरचे शब्द गेले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की शब्द आत असतात, पण बाहेर यायच्या वाटेवर त्यांची अदलाबदल होते. 'हो' म्हणायचं असेल तर 'नाही' येईल, 'नाही' म्हणायचं असेल तर 'हो' येईल, मानेचाही भरवसा धरू नका. पहिले काही महिने आईनं खटपट केली. मग हळूहळू ती गप्प झाली, निदान लेकीसमोर तरी. सकाळी कचेरीत जाण्याआधी लेक आईच्या उशाशी बसायची, आईच्या ओठांची हालचाल सुरू झाली की विचारायची, "पाणी? पांघरूण काढू? खिडकी लावू?" आणि आई डोळे मिटून घ्यायची. म्हणजे काहीतरी बरोबर आलं असावं, असं समजून ती तिन्ही करून टाकायची. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पहिल्यांदाच आईची खोली परक्याच्या घरात शिरल्यासारखी निरखून पाहिली. खिडकीवर जाड घोंगडं टांगलेलं होतं. "उन्हासाठी," असं नवरा म्हणाला होता. पण त्या खिडकीत ऊन सकाळी येतं, आणि सकाळी घोंगडं वर गुंडाळलेलं असतं. मावशी चपला घालत होत्या. तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, दुपारी कुणी येतं का हो घरी?"

"कोण येणार?" मावशी म्हणाल्या. मग पदराचं टोक खोचत, "मला काय माहीत म्हणा. दुपारी साहेब मला म्हणतात, मावशी, जरा बाहेर चक्कर मारून या. मी बागेत जाऊन बसते. तुम्हाला माहीत नव्हतं होय?"

मनात पाल चुकचुकते म्हणतात. तिच्या मनात ती पाल आता भिंतीवरून सरळ खाली उतरली आणि फरशीवरून चालायला लागली. जेवताना ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली. आईला भरवताना तो घास पुढे करून थांबायचा; आईनं तोंड उघडेपर्यंत कितीही वेळ थांबायचा, कपाळाला आठी न घालता. ह्या थांबण्यावरच ती एके काळी भाळली होती. नवी नवी वार्ताहर असताना ती त्याच्यावर लेख करायला गेली होती. खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं तोंडावर बोट ठेवून तिला उभं केलं होतं. खूप वेळानं म्हणाला होता, "झालं. खोलीची शांतता घेत होतो. प्रत्येक खोलीची वेगळी असते." ती शांतता त्यानं तिला ऐकवली होती, आणि तीत एका ठिकाणी तिच्या बांगडीचा बारीकसा किणकिणाट होता. त्यानं तो पुसला नव्हता. पुढे लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींना ती सांगत असे, मला ऐकणारा मिळाला. आता तिला वाटलं, ऐकणाऱ्या माणसाला काय, कुणीही ऐकवणारी भेटली की पुरे. ती बाई कशी असेल? चांगला गळा असलेली, बहुतेक तरुण, नाटकात काम करणारी. ती ह्याच जिन्यावरून येत असेल. आपली वाचा गेलेली आई पलंगावरून सगळं बघत असेल आणि सांगू शकत नसेल. किती सोयीची साक्षीदार! हे मनात आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली, पण विचार मागे फिरला नाही.

शनिवारी ती "जरा काम आहे" म्हणून बाहेर पडली आणि सकाळच्या खेळाला जाऊन बसली. वीस वर्षं तिनं भुताचे सिनेमे वही मांडीवर ठेवून पाहिले होते. दचकायची जागा कुठे येणार हे तिला आधीच कळायचं, आणि दचकणाऱ्या लोकांची तिला गंमत वाटायची. 'पोपडे'ची गोष्ट अडीच म्हणाला तशी शिळीच होती. एक जोडपं नव्या घरात राहायला येतं, भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, आणि प्रत्येक पोपड्यामागे चेहऱ्याचा एकेक तुकडा दिसायला लागतो. नायिका किंचाळते, नायकाला काही दिसत नाही, शेजारी सगळं जाणून असतात. ती जांभई द्यायच्या बेतात होती. मग पडद्यावरची नायिका भिंतीला कान लावते, संगीत बंद होतं, आणि भिंत बोलायच्या आधी श्वास घेते. नाकानं ओढलेला, मध्येच थोडा अडलेला, आणि श्वास भरल्यावर जीभ टाळूला लागून सुटल्याचा एक बारीक टक् असा आवाज. त्यामागून आलेला तो आवाज नंतर पूर्ण वेळ घुमत राहिला, लोक ओरडले, पुढच्या रांगेतल्या कुणीतरी कुणाचा तरी हात धरला. पण तिला पुढचं ऐकू आलंच नाही. ती त्या टक्पाशीच थांबली होती.

तिची आई बसस्थानकावर निवेदक होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली उशिरा सुटेल, कुणाचं मूल हरवलं आहे, हे सगळ्या स्थानकाला सांगणारा आवाज तिच्या आईचा होता. ती बसायची वरच्या मजल्यावरच्या एका काचेच्या खोलीत, खाली कुणाला न दिसणारी. शाळा सुटली की लेक येऊन फलाटावरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन आईची पाळी संपायची वाट पाहत बसायची, आणि भीती वाटायची तेव्हा वर भोंग्याकडे बघायची. भोंग्यातून आधी खरखर यायची, मग तो श्वास, मग टक्, आणि मग आईचा परका, गोड, सगळ्यांचा झालेला आवाज. बाकीच्या लोकांसाठी निवेदन 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' पासून सुरू व्हायचं. तिच्यासाठी ते श्वासापासून सुरू व्हायचं, आणि तेवढाच भाग तिचा एकटीचा होता. घरी आई रागवायच्या आधीही तसाच श्वास घ्यायची. टक् झालं की समजायचं, आता काही खरं नाही. सिनेमागृहातल्या अंधारात ती खुर्चीचे हात धरून बसली होती आणि तिला एकीकडे, लाज वाटावी इतकं, हायसं वाटत होतं, की दुसरी बाई नाही. आणि लगेच कळलं, हा श्वास आईचा आहे. दुसरी बाई असती तर परवडलं असतं.

रविवारी सकाळी मावशी आईला अंघोळ घालत होत्या तेव्हा ती मागच्या खोलीत गेली. नवरा जमिनीवर बसून केबलची वेटोळी करत होता. तिनं दार लोटून घेतलं.

"आईचा आवाज विकलास तू."

त्याचे हात थांबले. तो नाकबूल करेल, चिडेल, बिजागरीची गोष्ट पुन्हा सांगेल, अशी तिची तयारी होती. तो म्हणाला, "बघितलास का सिनेमा?"

"वासरू म्हणालास मला. माझी आई वासरू आहे?"

"तुला सांगायला घाबरलो," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"अर्थात बंद केलं असतं! अरे, आजारी माणूस कण्हतंय आणि तू माइक लावून बसलास? लोक पॉपकॉर्न खात ऐकतायत ते!"

"कण्हणं नव्हतं गं ते." तो उठला नाही, तिथूनच मान वर करून बोलत राहिला. "तू गेलीस की रोज दुपारी त्यांचं सुरू व्हायचं. मला आधी वाटलं दुखतंय. आत गेलो तर घामाघूम झालेल्या, आणि डोळे असे, जड पेटी उचलताना असतात तसे. बोलायची खटपट. मी जवळ बसलो. एक दिवस कानाला हेडफोन होता, हातात माइक होता, तसाच गेलो. त्यांनी माइक बघितला आणि पाठ सरळ केली. डाव्या हातानं केस मागे सारले. शपथ घेऊन सांगतो. आणि मग जो आवाज लावला..." त्यानं केबल खाली ठेवली. "मग रोज माइककडे बघायच्या. मी विचारलं त्यांना, हे सिनेमात घेऊ का? सगळं समजावून सांगितलं, भुताचा सिनेमा आहे, मेलेल्या बाईचा आवाज आहे."

"आणि आई काय म्हणाली?"

"आणखी, म्हणाल्या."

ती हसली, कडवट. जिला 'हो' म्हणायचं तर 'नाही' येतं, तिची संमती ह्यानं ऐकली म्हणे! त्यानं यंत्र चालू केलं आणि तिच्या कानांवर हेडफोन ठेवला. सिनेमातलं घुमणं, ओढाताण, खालचा घुरघुराट, यातलं काही त्यात नव्हतं. नुसती आईची खोली होती, तिची ती वेगळी शांतता, लांबून एका गाडीचा हॉर्न, मग नवऱ्याचा आवाज, "आई, घेऊ का सिनेमात?" मग श्वास, टक्, आणि मग एक ओढून काढलेला, अर्ध्या तोंडातून वाकडा होऊन आलेला शब्द. अ-न्-क... तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. शेवटचा स्वर कुठे 'खी'कडे झुकत होता, कुठे 'को'कडे, आणि सुरुवातीचा 'अ' हा शब्दाचा होता की नुसता जोर लावल्याचा, हे सांगता येत नव्हतं.

"ती 'नको' म्हणतेय," ती म्हणाली.

"आणखी."

"नको म्हणतेय माझी आई! माझ्या आईचं मला कळत नाही, तुला कळतं?"

त्यानं यंत्र बंद केलं. मग अगदी हळू, भांडणाचा सूर न लावता म्हणाला, "तुझ्यासमोर त्या बोलतच नाहीत. तू बोलू कुठे देतेस? त्यांचं तोंड उघडायच्या आत तुझं पाणी, खिडकी, पांघरूण होऊन जातं."

त्यानंतर चार-सहा दिवस घरात कामापुरतंच बोलणं राहिलं. तो आपलं अंथरूण मागच्या खोलीत घेऊन गेला, तिनं अडवलं नाही. त्याचं ते वाक्य मात्र तिच्यासोबत कचेरीत यायचं, जिन्यावर दमलेल्या माणसासारखं तिच्या मागून चढायचं. खरं असेल म्हणूनच लागलं, की लागावं म्हणूनच तो बोलला? स्वतःची चोरी उघडी पडल्यावर समोरच्याला आरोपी करायची जुनी युक्ती. हे पटत असतानाच तिला दिसायचं, की मजकुरातला जास्तीचा शब्द जसा ती नुसत्या नजरेनं हेरते तशीच ती आईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत आली होती: वाक्य पूर्ण व्हायची वाट कशाला बघायची, मतलब कळला की झालं. तिनं मावशींना विचारलं तर मावशी म्हणाल्या, "दुपार झाली की त्यांची नजर दाराकडे असते. साहेब आले की खुलतात." पण मावशींना ठेवलं होतं नवऱ्यानं, तेव्हा त्यांच्या बोलण्यावर तरी किती विसंबायचं? एका सकाळी ती आईच्या पलंगाशी बसली आणि पाणी-खिडकी काही न म्हणता सरळ विचारलं, "आई, तुझा आवाज सिनेमात घातलाय, ते तुला आवडलं?" आईनं मान हलवली, हो. "की नाही आवडलं?" आईनं मान हलवली, हो. मग आईच्या ओठांची हालचाल सुरू झाली, डावीकडची शीर ताणली गेली, आणि ती बघत बसली, थांबायचं म्हणून थांबली. पण तिची नजर एकदा, एकदाच, घड्याळाकडे गेली, आणि आईचे ओठ मिटले.

इकडे सिनेमाचा बोलबाला वाढत होता. समीक्षकांनी झोडपलेला सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला होता आणि त्या आवाजावरून समीक्षकांचीच आपसात जुंपली होती. यंत्र म्हणणारा यंत्रावर अडून होता, जनावर म्हणणाऱ्यानं जनावरांच्या डॉक्टरचं मत छापलं होतं. अडीच दर दोन दिवसांनी तिच्या टेबलाशी यायचा. "अगं, नाव तरी सांग. त्या बाईवर मला अख्खं पान लिहायचंय. चाळीस वर्षं लोकांचे आवाज ऐकतोय, इतकं खरं कुणी बोललेलं ऐकलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा चार तारे देईन, तिला एकटीला." तिच्या जिभेवर आलं होतं, की सांगून टाकावं: बाई माझी आई आहे, आणि तिला न विचारता घेतलंय. एका पानात नवऱ्याचं नाव मातीत मिळालं असतं. त्याच पानात आईचं नाव पहिल्यांदा छापून आलं असतं. इतकी वर्षं अख्ख्या गावाला गाड्या दाखवणाऱ्या बाईचं नाव कुठे कुणाला माहीत होतं? पण कुठल्या बातमीत? फसवलेली म्हणून, की गाजलेली म्हणून? ते तिला ठरवता येत नव्हतं, आणि जिला ठरवता आलं असतं ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. "नाव कळलं की सांगते," एवढंच ती अडीचला म्हणाली.

मग एका दुपारी तिनं रजा काढली. मावशींच्या मदतीनं आईला चांगलं लुगडं नेसवलं, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि टॅक्सी बोलावली. नवरा जिन्याशी आला. "कुठे?" त्यानं विचारलं. "सिनेमाला," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. पण त्यानं नुसती खुर्ची एका बाजूनं उचलली आणि खाली टॅक्सीपर्यंत आणून दिली. "मी येऊ?" "नको," ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून निघालेला तो शब्द तिला टॅक्सीत बसल्यावरही ऐकू येत राहिला, किती स्वच्छ, किती शंकेला जागा नसलेला.

दुपारच्या खेळाला अर्धंअधिक सभागृह भरलं होतं. कॉलेजातली मुलंमुली, काही जोडपी, एकटेच आलेले दोन-तीन म्हातारे. खुर्ची ठेवायला जागा शेवटच्या रांगेच्या टोकाला होती. ती आईच्या डाव्या हाताला बसली. पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं. पडद्याचा उजेड आईच्या तोंडावर हलत होता आणि ती पहारेकऱ्यासारखी ते तोंड निरखत होती: इथे सुरकुती पडली, इथे पापणी लवली, म्हणजे काय? भूत दिसल्यावर सगळे ओरडले तेव्हा आई ओरडली नाही. नायिका रडली तेव्हा आईनं चक्क तोंडाचा डावा कोपरा वाकडा केला. बसस्थानकावर कुणी चुकीच्या फलाटावर धावत असलं की ती असंच करायची. तिनं मनाशी ठरवलं होतं, आईच्या डोळ्यांत जराशी जरी भीती दिसली, जरासं जरी पाणी दिसलं, तरी खुर्ची वळवायची आणि बाहेर पडायचं, थेट कचेरीत जायचं, अडीचला नाव द्यायचं आणि सगळं सांगायचं.

पडद्यावरच्या नायिकेनं भिंतीला कान लावला. संगीत थांबलं. सभागृहात कुणीतरी आधीच हसलं, घाबरलेलं हसू, कारण पुढे काय येणार हे आता गावभर झालं होतं. भिंतीनं श्वास घेतला. आणि इतके दिवस दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेत फिरणाऱ्या, वीस वर्षं भुतांकडे वही घेऊन बघणाऱ्या तिला न विचारता तिच्या हातांनी वर झेप घेतली. आवाज सुरू व्हायच्या आत दोन्ही तळवे कानांवर घट्ट बसले होते, डोळे मिटले होते, मान खांद्यात गेली होती, दप्तर मांडीवर घेतलेल्या मुलीसारखी. तळव्यांच्या आड तिला फक्त स्वतःचं रक्त ऐकू येत होतं. तिला वाटलं, इतका वेळ आपण आईकडे बघत होतो. आता आई आपल्याकडे बघत असेल.

उजव्या मनगटावर काहीतरी पडलं. हाडकुळं, कोरडं, आणि तिला आठवत होतं त्याहून कितीतरी जोराचं. तिनं डोळे उघडले. आईनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं होतं. आई पडद्याकडे बघत नव्हती, घाबरलेल्या लोकांकडे बघत नव्हती. ती लेकीकडे बघत होती, वैतागून, अगदी पूर्वीसारखी वैतागून, आणि तिनं तो हात कानावरून खाली ओढला.

आवाज आत आला. समोरच्या रांगेत एक मुलगी किंचाळून मैत्रिणीच्या खांद्यात तोंड लपवत होती, कुणीतरी "बाप रे" म्हणालं, आणि लेकीनं दुसरा हातही आपणहून कानावरून काढला. तो आवाज लांबलचक होता, परीक्षणांत लिहिलं होतं त्याहून लांब. भीती वाटत होती, ती गेली नाही. अंगावर काटा होता. पण ती मध्ये काही भरायला गेली नाही, अर्थ लावायला गेली नाही, नुसती ऐकत राहिली, तो संपेपर्यंत, आणि संपल्यावर त्यामागे राहिलेली खोलीची शांतताही. घरी गेल्यावर नवऱ्याला काय म्हणायचं हे तिला अजून माहीत नव्हतं. आईनं मनगट सोडलं नव्हतं.